सुनेच्या दुधाचा आकडा

दूध संकलन केंद्रावर तिला सगळे मीटरमावशी म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, आणि ते तिथेच राहिलं होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी ती तिथे कॅन धुवायला लागली तेव्हा नवरा नुकताच वारलेला आणि मुलगा कडेवर होता. कॅन धुताधुता ती तपासणीच्या खोलीच्या दारात रेंगाळायची. तिथले म्हातारे केमिस्ट एकदा वैतागून म्हणाले, "बघायचंच असेल तर आत येऊन बघ. दारात उभी राहून उजेड अडवू नकोस." ती आत गेली ती कायमची.

केमिस्टनी तिला दुधातून वीज कशी जाते ते शिकवलं. छोट्या पेल्यात समोरासमोर दोन धातूच्या प्लेटी असतात. पेल्यात दूध ओतायचं, बटण दाबायचं. दुधातले क्षार विजेला वाट करून देतात, आणि ती वाट किती मोकळी आहे ते मीटरवर आकड्यात दिसतं. दुधात पाणी घातलं की आकडा खाली येतो. गाईची कास सुजली की रक्तातलं मीठ दुधात झिरपतं आणि आकडा वर चढतो. चार ते साडेपाच म्हणजे गाय ठणठणीत. सहाच्या पुढे गेला की चारही सडांचं दूध वेगवेगळं काढून बघायचं, कुठला तरी एक सड बिघडलेला असतो. केमिस्ट या सगळ्याला विद्युतवाहकता म्हणायचे. मावशी नुसतं 'आकडा' म्हणायची.

केमिस्ट निवृत्त झाले आणि मीटर मावशीकडे आला. रोज सकाळी ती प्लेटी डिस्टिल्ड वॉटरने धुवायची, ठरलेल्या मापाच्या मिठाच्या पाण्यात बुडवून मीटर खरं बोलतोय की नाही ते बघायची, मगच पहिला कॅन उघडायची. एक बहाद्दर पाणी घालून वर मीठही टाकायचा, म्हणजे खाली गेलेला आकडा परत वर येतो. एकदा त्याचा आकडा आला बरोब्बर पाच. मावशीने बोट बुडवून जिभेला लावलं आणि भर रांगेत म्हणाली, "काका, यात आता भाजी तेवढी चिरून टाकायची राहिलीय." रांग हसून लोळायची बाकी राहिली. तो काका पुन्हा त्या केंद्रावर दिसला नाही.

कुणाच्या गाईला दगडी होऊन कास सुजणार, हे मावशीला मालकाच्या दोन दिवस आधी कळायचं. लोक म्हणायचे, मावशीच्या नजरेतून काही सुटत नाही. हळूहळू तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

तिचा मुलगा दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होता. एकदा निघाला की चार-पाच दिवस बाहेर. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मावशी आणि सून दोघीच असायच्या. सून शिवणकाम करायची. बोलायला कमी, पण एकदा मनात काही घेतलं की सोडायची नाही. सासू-सुनेचं फार गूळपीठ नव्हतं, भांडणही नव्हतं. एकमेकींच्या वाटेत न येता दोघी नांदत होत्या.

मग नात झाली. बाळंतपण अवघड गेलं. सुनेच्या अंगावरून खूप रक्त गेलं, दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. पण पोरगी चांगली होती, दोन किलो नऊशे. चौथ्या दिवशी घरी सोडताना दवाखान्यातल्या सिस्टरने पावडरच्या दुधाचा एक डबा पुढे केला. "आईला अशक्तपणा आहे. दूध कमी पडलं तर असू द्या."

मावशीने तो डबा टेबलावर मागे सारला. "सिस्टर, सत्तावीस वर्षं दुधात काय काय घालतात ते बघतेय मी. माझ्या नातीच्या तोंडात आईशिवाय कुणाचं दूध जाणार नाही."

सिस्टर हसली. सुनेने डब्याकडे एकदा पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि बाळाला छातीशी धरून ती उठली.

घरी आल्यावर पोरगी पहिला दिवस रडरड रडली. दुसऱ्या दिवशी कमी रडली. त्यानंतर रडणं जवळजवळ थांबलंच. छातीला लावलं की दोन मिनिटं ओढायची आणि झोपून जायची. खालचा सायकलवाला म्हणाला, "मावशी, बाळ आहे की नाही वर? आवाजच येत नाही." मावशी कौतुकाने म्हणाली, "आमची पोरगी समजूतदार आहे."

सहाव्या दिवशी सून हळूच म्हणाली, "आई, हिला पुरत नाही असं वाटतंय मला."

"पहिलटकरणीला असंच वाटतं. लावत राहा, येतं दूध."

"दुपटं पण फार ओलं होत नाही हिचं."

"उकडतंय किती. घामावाटे जात असेल."

सुनेने बाळाला परत छातीला लावलं. मावशी जेवणाचा डबा भरून कामावर गेली. सहाच्या वर आकडा आला म्हणून त्या दिवशी तिने एका गवळणीला उभं करून दहा मिनिटं समजावलं, की जनावर बोलत नाही, आपणच बघायला हवं.

नवव्या दिवशी सकाळी ती निघायच्या घाईत होती. सुनेने बाळाला नुकतंच छातीवरून काढलं होतं. बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा एक थेंब होता. मावशीने तो बोटाने पुसला, आणि सत्तावीस वर्षांची सवय, बोट जिभेवर गेलं.

खारट.

ती जागच्या जागी थांबली. स्वतःच्या बोटाचा घाम असेल म्हणून तिने हात धुतले. मग बाळाच्या गालाला हात लावला. गाल कोरडा होता, आणि चिमटीत धरलेली कातडी सोडली तरी परत बसायला वेळ घेत होती. सून बघत होती. "काय झालं, आई?"

"काही नाही," मावशी म्हणाली आणि जिना उतरली.

केंद्रावर त्या सकाळी तिने किती कॅन तपासले ते तिला आठवत नाही. आकडे लिहीत होती, पण जिभेवरचा खारटपणा जात नव्हता. गाईचा चीकही खारट असतो, ती स्वतःला सांगत होती, पण चीक तीन-चार दिवसांत सरतो आणि आकडा खाली येतो. आज नववा दिवस. अकराच्या सुमाराला रांग संपली तेव्हा तिने गोठ्यावर न्यायचा हातात मावणारा छोटा मीटर पिशवीत टाकला, डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेतली आणि कुणाला न सांगता घरी आली.

सुनेने मीटर बघितला आणि तिचा चेहराच बदलला.

"हे काय आणलंय?"

"जरा दूध काढून दे यात. बघू दे मला."

"मी गाय आहे का, आई?"

"अगं, तसं नाही..."

"मग कसं? रांगेत उभी करा ना मला पण, कॅन घेऊन. नापास झाले तर परत पाठवा!" नऊ दिवस दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं. "सांगत होते मी, पुरत नाही म्हणून. तेव्हा ऐकलं नाही. आता मशीन लावताय मला?"

मावशी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "पोरी, मला भीती वाटतेय. मला शिव्या दे, पण दूध दे."

सासूला भीती वाटते हे सुनेने तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकलं होतं. तिने पदर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. दोन्ही बाजूंनी मिळून अर्धा तास लागला. पेल्यात जेमतेम दीड चमचा दूध आलं, पिवळट, चिकट. प्लेटी पूर्ण बुडायला दोन चमचे तरी लागतात. मावशीने पेला कलता धरला आणि बटण दाबलं.

पाच पूर्णांक सात.

क्षणभर तिला हायसं वाटलं. गाईच्या हिशेबाने हे काही फार नव्हतं. पण लगेच तिच्या लक्षात आलं, प्लेटी अर्ध्या उघड्या असल्या तर आकडा कमी दिसतो, जास्त कधीच दिसत नाही. म्हणजे खरा आकडा याच्या वरच. आणि दुसरी गोष्ट तिला माहीतच नव्हती. माणसाच्या दुधाचा आकडा किती असतो? सत्तावीस वर्षांत कुणी तिला ते सांगितलं नव्हतं, तिनेही कधी विचारलं नव्हतं.

"किती आला?" सून पाठमोरीच विचारत होती.

"थांब. आलेच मी."

ती जवळजवळ पळत केंद्रावर गेली. पॅकिंगच्या खोलीत एक बाई होती, तिचं बाळ पाच महिन्यांचं, गोल गरगरीत. ती जेवायच्या सुट्टीत घरी जाऊन पाजून यायची. मावशीने तिला दाराआड ओढलं.

"मला तुझं दोन चमचे दूध दे."

"काय?"

"हस, बोंब मार, काही कर. पण आत्ता दे."

त्या बाईने मावशीचा चेहरा पाहिला आणि पेला हातात घेतला. तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. पेला भरून वाहिला. मावशीने मीटर आधी मिठाच्या पाण्यात तपासला. बरोबर होता. प्लेटी धुतल्या, दूध ओतलं, बटण दाबलं.

दोन पूर्णांक दोन.

ती ते दोन आकडे मनात शेजारीशेजारी ठेवून उभी राहिली. मग तिने पुन्हा बटण दाबलं. दोन पूर्णांक दोन. पॅकिंगवाली म्हणाली, "मावशी, बसा जरा, पडाल." मावशी बसली नाही. आवारात कॅन उतरवून रिकामा झालेला पिकअप उभा होता. "घरी चल," ती ड्रायव्हरला म्हणाली, "आणि तिथून मोठ्या दवाखान्यात. विचारू नकोस."

बाळ झोपलेलं होतं. मावशीने तळव्याला टिचकी मारली, जोरात मारली, तरी डोळे उघडेनात. टाळूवर बोट ठेवलं तर बोटाला खळगा लागला. सकाळी दुपट्यावर लघवीचा विटकरी डाग पडला होता तो सुनेने आत्ता दाखवला. "मला वाटलं रक्त आहे. तुम्हाला सांगणार होते. तुम्ही 'काही नाही' म्हणून निघून गेलात."

पिकअपच्या पुढच्या सीटवर दोघी दाटीवाटीने बसल्या. सून बाळाच्या नाकाशी गाल लावून श्वास चालू आहे का बघत होती. मावशी देवाचं नाव घ्यायला गेली, तर तोंडातून फक्त "उठ ग, उठ ग" एवढंच येत होतं.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती आणि फार भराभर काम करत होती. तिने आधी बाळाला काट्यावर ठेवलं. दोन किलो एकशे ऐंशी.

"जन्मताना किती होतं?"

"दोन नऊशे," सून म्हणाली.

डॉक्टरणीने मान वर केली. "घरी गेल्यापासून वजन केलं नाही?"

मावशीच्या केंद्रावर तीन काटे होते. एक तर दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा. रोज सकाळी ती स्वतः तो शून्यावर आणायची. आता तिने पिशवीतून मीटर काढला आणि आकड्यांचं सांगायला लागली, पाच पूर्णांक सात, दोन पूर्णांक दोन, प्लेटी अर्ध्याच बुडाल्या होत्या, खरा आकडा आणखी वर असणार. डॉक्टरीण ऐकत होती की नाही कळत नव्हतं. तिने बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं आणि ते पळवत पाठवलं.

पाऊण तासाने ती बाहेर आली. आता तिने मावशीला बाकावर बसवलं. "तुमचा मीटर खोटं बोलत नव्हता. आईचं दूध नीट सुरूच झालेलं नाही. बाळंतपणात एवढं रक्त गेलं की असं होतं कधीकधी. दूध भरून यायला लागलं की त्यातलं मीठ कमी होतं. हिचं झालंच नाही. आलं तेवढंही थेंब थेंब. त्या दुधात विष नव्हतं, मावशी. बाळाला पाणीच मिळालं नाही. रक्तात मीठ भलतंच चढलंय. आणि ते घाईने उतरवता येत नाही. घाईने उतरवलं तर मेंदूला सूज येते. हळूहळू, दोन-तीन दिवसांत."

"वाचेल ना?"

"प्रयत्न करतोय," डॉक्टरीण म्हणाली आणि आत गेली.

तिथे, त्या बाकावर, मावशीला एक जुनी गोष्ट आठवली. मुलाच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. अकरा दिवसांची होऊन गेली. ती पण शांत होती. शेजारणी म्हणायच्या, किती गुणाचं बाळ, आवाज नाही. अकराव्या दिवशी सकाळी ते उठलंच नाही. सगळे म्हणाले नशीब, आणि मावशीनेही ते नशिबावर टाकून दिलं होतं. आज एकतीस वर्षांनी तिला वाटलं की तेव्हाही कुणी बोट जिभेला लावून बघितलं असतं तर. ते दूध कसं होतं, हे आता कधीच कळणार नव्हतं. बाकाच्या कडेला हात घट्ट धरून ती बसून राहिली. रडायचीही तिला लाज वाटत होती, कारण शेजारी सून कोरड्या डोळ्यांनी बसली होती.

"आई," सून समोर बघत म्हणाली, "डबा देत होत्या त्या सिस्टर."

"हो."

"मी घ्यायला हवा होता. तुमचं ऐकायला नको होतं."

"हो," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाला झटके आले. काचेतून मावशीला फक्त एवढंच दिसलं की उजवा हात शांत आहे आणि डावा एका लयीत उडतोय. सून काचेवर तळवा ठेवून उभी होती. तेवढ्यात मुलगा आला, टँकर मध्येच दुसऱ्याच्या ताब्यात देऊन, अंगाला डिझेलचा वास. त्याने बायकोला विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "तुझ्या आईला विचार." मावशीने सगळं सांगितलं. डब्यापासून सांगितलं, एक शब्द गाळला नाही. मुलगा ऐकून जिन्यात जाऊन बसला. तासभर तो वर आला नाही.

तिसऱ्या दिवशी रक्तात जास्तीचं चढलेलं मीठ निम्मं उतरलं. पाचव्या दिवशी बाळाने वाटीतून पावडरचं दूध ओढलं, आणि पोट भरल्यावर आणखी हवं म्हणून रडलं. वॉर्डातल्या सगळ्यांनी वळून बघितलं एवढा तो आवाज होता. सून त्या दिवशी पहिल्यांदा रडली. मावशी जवळ गेली तर तिने हात पुढे करून तिला लांबच थांबवलं.

तेरा दिवसांनी घरी सोडलं. डॉक्टरणीने आधीच सांगून ठेवलं होतं: रक्त घट्ट झाल्याने मेंदूत एका ठिकाणी रक्ताची गुठळी धरली होती, डावा हात मागे राहू शकतो. किती, ते आत्ता सांगता येणार नाही.

मावशी पुन्हा कामावर गेली, पण पहिल्यासारखी नाही. रांगेत कुणी विचारलं, "मावशी, तुमच्या मीटरने नात वाचली म्हणे?" तर ती म्हणायची, "मीटर नवव्या दिवशी नेला. काटा पहिल्या दिवसापासून इथेच होता." लोकांना वाटायचं, मावशी विनय दाखवतेय.

घरात सून तिच्याशी कामापुरतं बोलायची. भाजी काय, गॅस संपला, दार लावून घ्या. चार महिने असेच गेले. चौथ्या महिन्यात सगळ्यांना दिसायला लागलं. पोरगी उजव्या हाताने खुळखुळा ओढायची, डाव्याची मूठ उघडायचीच नाही. दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंनी शिकवलं: रोज तीनदा, उजवा हात दुपट्यात गुंडाळायचा, डाव्याची बोटं एकेक करून उलगडायची, त्यात काहीतरी धरायला लावायचं. बाळ चिडेल, रडेल, थांबायचं नाही.

पहिल्या दिवशी सुनेने करून बघितलं. बाळ निळंजांभळं होईतो रडलं. सुनेने मध्येच दुपटं सोडलं आणि तिला उराशी धरलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मावशी कामावरून आली तेव्हा सून चटईवर बाळाला ठेवून तिची वाट बघत बसली होती.

"आई, हे तुम्ही करा."

मावशी चपला काढता काढता थांबली.

"माझ्याने होत नाही," सून म्हणाली. "तिचं रडणं मला बघवत नाही. तुम्हाला बघवेल." त्यात टोचणी होती की भरवसा, हे मावशीने विचारलं नाही. सुनेलाही बहुधा ठाऊक नसावं.

मावशीने हात गरम पाण्याने धुतले, पुसले आणि चटईवर बसली. उजवा हात दुपट्यात गुंडाळला. डावी मूठ आपल्या तळव्यावर घेतली. अंगठा आधी बाहेर काढावा लागत होता, मग पहिलं बोट, मग दुसरं. पोरगी रडायला लागली. सून दाराशी उभी होती, ती आत गेली नाही. तिसरं बोट उलगडलं, आणि करंगळी परत मिटली. मावशीने पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली.